जास्वंदीवरचा पिवळा मावा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यातून निरोप आला: जास्वंदीवर दोन जातींचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडलाय, येऊन बघा. तिथल्या माळीमामांनी झुडपाशी नेलं. ‘‘साहेब, शेंड्यावरचा काळपट हिरवा हाय, खालचा पिवळा. दोन येगळं हाईत बघा.’’

डोळ्यांना दिसत होतं तेच मामा सांगत होते. शेंड्यावर, कळ्यांच्या देठांना गच्च चिकटलेले काळपट हिरवे किडे, दीड मिलिमीटरच्या आसपासचे. त्यांच्यावरून काळ्या मुंग्यांची ये-जा चाललेली. खालच्या जून पानांच्या पाठीमागे शिरांच्या कडेने विखुरलेले फिकट पिवळे, जवळजवळ पांढुरके, 1 मिलिमीटरलाही न पोचणारे. शेजारच्या कण्हेरीवर तिसराच मावा होता, पण तो ओळखायला भिंग लागत नाही. गर्द पिवळं अंग आणि पोटाच्या मागच्या बाजूला दोन काळ्या नळ्या असल्या की तो एफिस निरी. खरा प्रश्न जास्वंदीचा होता.

मावा गोळा करणं म्हणजे फांदी झटकून घेणं, असा समज आहे. पण मावा सोंड पानात खुपसून बसलेला असतो, ओढून काढला की सोंडेतल्या सुया तुटतात. 00 नंबरचा ब्रश अल्कोहोलात भिजवून पाठीला हलकेच लावायचा, तो सोंड काढून चालायला लागला की उचलायचा. 80 टक्के अल्कोहोलच्या कुपीत एका वसाहतीतले वीस-पंचवीस पुरेत. पंखवाले आणि बिनपंखी दोन्ही हवेत. पंखवाले नसतील तर खांद्यावर पंखांचे फुगीर गोळे दिसणारी पिल्लं पानासकट डबीत ठेवायची, बहुधा एक-दोन दिवसांत पंख फुटतात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाकायची, कारण शाई अल्कोहोलात उतरते. आणि जिवंतपणीचा रंग जागेवरच लिहायचा. अल्कोहोलात रंग दोन दिवसांत जातो, मग हिरवा कुठला आणि पिवळा कुठला हे कुणालाही सांगता येत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांपैकी बहुतेक प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल्या फांदीसकट, दोन दिवस प्रवास करून येतात. उघडलं की काळा चिखल. त्यावरून जात सांगा म्हणतात. ज्यांनी हे काम शिकवायचं, त्यांनीच नमुना घेण्याचं प्रात्यक्षिक अभ्यासक्रमातून वगळलंय, आणि त्याचा मला राग आहे.

मी चार कुप्या भरल्या: शेंडा, मधली पानं, खालची पानं, कण्हेर. झुडपावर कुठून घेतलं ते चिठ्ठीवर लिहिलं. या एका ओळीनेच पुढे वाट दाखवली.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काचपट्टी करताना मावा आधी 95 टक्के अल्कोहोलात, कोमट पाण्याच्या भांड्यात नळी धरून दोन-तीन मिनिटं. मग बारीक टाचणीने पोटाला खालून एक छिद्र. त्यानंतर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तेही कोमट पाण्यातच, उकळी येऊ न देता. चुकतं ते इथे. मोठ्या हिरव्याला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढाच वेळ पिवळ्याला दिला की कातडी इतकी पारदर्शक होते की शेपटीवरचे केस दिसत नाहीत. पिवळ्याला दीड मिनिट बस. नंतर ब्रशच्या टोकाने पोट हळूच दाबून आतली पिल्लं बाहेर काढायची. मावा अंडी न घालता पिल्लंच घालतो, आणि आपल्याकडच्या हवेत वर्षभर नराशिवायच चालतो, त्यामुळे पोटात डोळ्यांसकट तयार पिल्लं दिसतात. ती दिसली म्हणजे हा लहान किडा पिल्लू नसून प्रौढ मादी आहे, याची खात्री पटते. पुढे शुद्ध पाण्याचे तीन हात, ॲसेटिक ॲसिड, लवंग तेल आणि शेवटी कॅनडा बाल्सम. मिशा मागे वळवून, पाय पसरून वर काच ठेवायची आणि 50 अंशांच्या पेटीत दोन आठवडे वाळवायची.

400 पट मोठं करून बघितलं तेव्हा घोटाळा समजला. शेंड्यावरच्यांना मिशीचे 6 खंड, नळ्या काळ्या, शेपटी नळ्यांपेक्षा फिकट आणि तिच्यावर 5-6 केस. हे सरळ कापसावरच्या माव्याचं, एफिस गॉसिपीचं वर्णन. पिवळ्यांना मात्र मिशीचे 5 खंड, नळ्या धुरकट, केस 4. एका सहकाऱ्याने ओळखतक्त्यातला आकडा बघितला आणि ‘दुसरी जात’ असा अहवाल तयार केला. आकडा जुळला की काम झालं, असं मानणारी माणसं आमच्या क्षेत्रात फार आहेत. पाच खंडांच्या मिशीत तिसरा आणि चौथा खंड एकमेकांपासून सुटलेले नसतात, एवढाच फरक असतो. ऊन वाढलं, पान जून झालं, गर्दी झाली की गॉसिपीच्या माद्या खुज्या आणि पिवळ्या होतात, आणि अशा खुज्यांत 5 खंड नेहमीचे असतात. ज्या पिवळसर माव्याशी गोंधळ होतो, त्या एफिस स्पायरिकोलाची शेपटी नळ्यांइतकीच काळी असते आणि मागच्या मांडीवरचे केस लांब. आमच्या पिवळ्यांत यातलं एकही नव्हतं.

तरी काचपट्टीवर विसंबून मी सही करणार नव्हतो. मामांना पुन्हा जिवंत पिवळे मागितले. पेट्री डिशमध्ये 1 टक्का अगारचा, म्हणजे जेलीसारखा थर, त्यावर जास्वंदीच्या कोवळ्या पानाची चकती पाठ वर करून, त्यावर एकच पिवळी मादी. रात्रभर ठेवून मादी काढली, पिल्लं ठेवली, 23 अंशांवर. अशा 12 डिश लावल्या. 3 डिशमध्ये झाकणावरचं पाणी पडून पिल्लं बुडाली. 2 डिशमध्ये पिल्लंच आली नाहीत, कारण माद्या फुगून सोनेरी झाल्या. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी आधीच होती. उरलेल्या 7 डिशमध्ये पहिली पिढी आठवड्याभरात वाढली, आईपेक्षा मोठी, पोपटी. दुसऱ्या पिढीत काळपट हिरव्या माद्या मिळाल्या, 6 खंडांच्या मिशा आणि काळ्या नळ्यांसह. अहवाल बदलला: एकच जात.

उलट बाजूचा प्रयोग राहिला. शेंड्यावरची हिरवी मादी घेऊन तिला जून पानावर 32-33 अंशांत वाढवलं तर मुली पिवळ्या होतात का, हे बघायचं होतं. हिरव्यांचा जिवंत साठा मी घेतला नव्हता, ही माझी चूक. आणायला गेलो तर झुडपावर आदल्या संध्याकाळी औषध मारलेलं. मालकांनी मामांना न विचारताच माणूस बोलावला होता. मावा मेला, पण पानांखाली मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यांच्या अळ्याही मरून पडल्या होत्या, मी मोजल्या तेव्हा 31 भरल्या. आठवडाभर थांबले असते, शेंड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारला असता, तर त्या अळ्यांनी बाकीचं काम केलं असतं. बागेतल्या जास्वंदीला कीटकनाशक मारायची गरज फार क्वचित पडते, आणि गणपतीसाठी रोज तोडायच्या फुलांवर तर ते मुळीच नको.

पिवळ्यापासून हिरवा होतो, हे हातात आहे. पण त्या झुडपावर खालचे पिवळे हे वरच्या हिरव्यांच्याच मुली होत्या, की दुसरीकडून उडून आलेल्या माद्यांचा वेगळा वंश, हे माझ्या 7 डिशमधून सिद्ध होत नाही. जात एक असूनही वंश दोन असू शकतात. मामांचं ‘दोन येगळं’ त्या अर्थाने अजून खोटं ठरलेलं नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

जूनमध्ये त्याच झुडपाच्या चार फांद्या मामांनी कुंड्यांत लावून दिल्या. तीन जगल्या आहेत. त्यांना जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलंय, थंडीत शेंड्यांवर एकेक हिरवी मादी सोडायची आहे. ‘हिरवी ते पिवळी’ अशी चिठ्ठी लिहून ठेवलीय, तारखेची जागा कोरी आहे.