चोवीस तासांची लाट

आषाढात रत्नागिरीचे आकाश महिनाभर उघडत नाही, त्यामुळे आमच्या विभागातील सूर्याचा अभ्यास अवकाशातून आलेल्या प्रतिमांवरच चालतो. त्या दिवशी एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने मे २०२४ मधील सौरवादळांचे उगमस्थान असलेल्या सक्रिय प्रदेश १३६६४ या सौरडागांच्या समूहाचा आलेख माझ्यापुढे ठेवला. ‘‘सर, डागाचं चुंबकीय क्षेत्र रोज एकदा चढतं आणि उतरतं,’’ ती म्हणाली. लाट अगदी स्पष्ट होती. पण पृथ्वीच्या दिवसाशी सूर्याचे काय देणेघेणे?

ही लाट सूर्याची नव्हे, प्रतिमा टिपणाऱ्या यानाची होती. २०१० साली सोडलेली सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्वेटरी पृथ्वीभोवती दिवसातून एक फेरी घालते, त्यामुळे सूर्याच्या दिशेने तिचा वेग सेकंदाला सुमारे तीन किलोमीटरने मागेपुढे होतो. तिच्यावरील एचएमआय हे उपकरण सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील लोहाची ६१७.३ नॅनोमीटरची वर्णरेषा सहा ठिकाणी, म्हणजे सहा तरंगलांबींवर, मोजते. दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे सात पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) आणि केवळ कक्षीय वेगाने रेषा सरकते सुमारे सहा पिकोमीटर, म्हणजे जवळपास एक पूर्ण पायरी. चुंबकीय क्षेत्रात ही रेषा घटकांत फुटते; हजार गौसचे (गौस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र हे घटक मूळ जागेपासून साडेचार पिकोमीटर सरकवते. त्यामुळे डागाच्या गडद गाभ्यात, जिथे क्षेत्र दोन-अडीच हजार गौस असते, तिथे रेषा मापनाच्या कडेपर्यंत जाते आणि चूक सर्वाधिक होते.

विद्यार्थिनीने एक ज्यावक्र (साइन लाट) बसवून तो वजा केला होता आणि आलेख देखणा झाला होता. तो मी स्वीकारला नाही. गाभ्यातील आणि शांत पृष्ठभागावरील चूक सारखी नसताना सर्वांतून एकच लाट काढणे म्हणजे खऱ्या बदलालाही कात्री लावणे आहे, आणि हा प्रदेश तर झपाट्याने वाढत होता. प्रत्येक प्रतिमेच्या हेडरमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीत, यानाचा वेग नोंदलेला असतो. तो न वाचता थेट आवर्तने शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबण्याची सवय मला घातक वाटते. आम्ही पिक्सेल क्षेत्राच्या तीव्रतेनुसार गटांत विभागले, मंद वाढ वेगळी काढली आणि प्रत्येक गटातील उरलेली चूक वेगाच्या बहुपदीवर बसवली. वीज जात-येत राहिल्याने यात संध्याकाळ झाली. परंतु चोवीस तासांची लाट बहुतांशी मावळली.

बारा तासांची एक बारीक लाट मात्र उरली आहे. चूक वेगाच्या दिशेवर नव्हे, केवळ परिमाणावर अवलंबून असेल, तर ती दिवसातून दोनदा दिसणारच. पण सूर्याच्या परिवलनामुळे पूर्वेकडचा डाग आपल्याकडे येत असतो आणि पश्चिमेकडचा दूर जात असतो. हा वेग कक्षीय वेगात मिळवल्यावर दोन्ही बाजूंची समानता मोडते. म्हणून डाग मध्यरेखेवर असताना बारा तासांची लाट ठळक आणि कडेकडे जाताना क्षीण झाली, तर दोष उपकरणाचा, असे मी धरतो. या वाढत्या प्रदेशावर ही कसोटी निर्णायक ठरणार नाही. त्यासाठी आता आम्ही एक जुना, गोल, स्थिर डाग निवडला असून त्याच्या पूर्व ते पश्चिम प्रवासाच्या प्रतिमा उतरवून घेत आहोत.