पिरानेसीचं रोम: जुनी छापचित्रं बघायची, घ्यायची तर

रोमला गेलात तर कॅपिटोलिन टेकडीच्या मागच्या कठड्यापाशी जरूर थांबा. तिकीट लागत नाही आणि खाली अख्खं फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, दिसतं. पायथ्याशीच रोमन सम्राट व्हेस्पेशियनच्या देवळाचे तीन खांब उभे आहेत. रोमची दृश्यं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापणाऱ्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीचं (१७२०–१७७८) या खांबांचं छापचित्र आधीच फोनमध्ये घेऊन ठेवा. त्यात ते जवळजवळ माथ्यावरच्या नक्षीपर्यंत मातीत गाडलेले आहेत आणि माणसं त्यांच्या सावलीला आरामात बसली आहेत. त्या काळी हे ज्युपिटरचं देऊळ समजत, चित्राखाली नावही तेच आहे. खांब मोकळे झाले ते १८१० च्या सुमारास, फ्रेंच अमलात. चित्र आणि जागा अशी शेजारी शेजारी पाहिली, की रोम किती खोल गाडलं गेलं होतं ते नीट कळतं. पँथिऑन या प्राचीन घुमटाच्या देवळाचंही तसंच. चित्रात दर्शनी बाजूच्या वर दोन घंटाघरं दिसतील. ती १८८३ मध्ये पाडली.

ज्यांवरून ही चित्रं छापली ते तांब्याचे मूळ पत्रे त्रेवी कारंज्याला लागून असलेल्या इस्तितुतो चेंत्राले पेर ला ग्राफिका या संस्थेत आहेत. पिरानेसीच्या मुलांनी ते पॅरिसला नेले होते, पुढे पोपच्या सरकारने विकत घेऊन १८३९ मध्ये परत आणले. प्रदर्शनं बदलत असतात, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. अभ्यासासाठी चित्रं हातात घेऊन बघायची असतील तर आधी वेळ घ्यावी लागते.

खरेदी करणाऱ्यांनी ही पत्र्यांची हकीकत पक्की लक्षात ठेवावी. पिरानेसी गेल्यानंतरही त्याच पत्र्यांवरून वर्षानुवर्षं छपाई होत राहिली. त्यामुळे ‘अस्सल पिरानेसी’ एवढ्यावर समाधान मानू नका, छपाई कधीची ते विचारा. लार्गो देल्ला फोंतानेल्ला दी बोर्गेझेच्या चौकात जुन्या छापचित्रांच्या टपऱ्या आहेत. तिथे सकाळीच जावं. कागद उजेडासमोर धरा: जुन्या हातकागदात बारीक समांतर रेघा दिसतात, कधी पाणचिन्हही. चित्राच्या कडेने पत्र्याचा दाब बोटाला लागला पाहिजे. मग भिंग काढून सावल्या बघा. चांगल्या छपाईत गडद भागातही रेघ न् रेघ सुटी असते. झिजलेल्या पत्र्याची छपाई करडी, सपाट दिसते. खाली ‘स्त्रादा फेलिचे’ हा पत्ता असेल तर ती प्रत १७६१ च्या आधीची नाही, कारण त्याच वर्षी पिरानेसीने तिथे बिऱ्हाड आणि छापखाना हलवला. रंगवलेल्या प्रती मी टाळते. रंग बहुतेकदा नंतर चढवलेला असतो आणि सगळी गंमत तर काळ्या शाईतच आहे.

बजेट कमी असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांतून सुटी केलेली छोटी पानं बघा. आपल्याला आवडलेल्या इमारतीचं एखादं मिळालं, तरी खूप झालं.

पैसे देण्याआधी पावती आणि इटलीबाहेर नेण्याचे कागद यांचं बोलून घ्या; सत्तर वर्षांहून जुन्या वस्तूंना तिथे नियम आहेत. आणि गुंडाळी करू देऊ नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून मागा.