यादीत नसलेला कुत्रा

सकाळी पावणेसातला वनरक्षकाचा फोन आला. "मॅडम, पाड्यावर सात शेळ्या मेल्यात. लोक बिबट्या म्हणतायत. पंचनाम्याला याल का?" एप्रिलची अखेर होती, बकरी ईद पाच-सहा आठवड्यांवर आलेली. या दिवसांत पाड्यावरच्या प्रत्येक घरातला बोकड देवनारच्या बाजाराकडे डोळे लावून वाढत असतो. चहा तसाच ठेवून मी पिशवी उचलली.

मी सरकारी पशुवैद्य आहे. पाडा आरेतला आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ साली आरे कॉलनी वसवली, पण वारली आणि कोकणा कुटुंबांचे पाडे तिथे त्याआधीपासून आहेत. एका अंगाला तबेले, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि झाडांच्या वरून डोकावणारे गोरेगावचे टॉवर. बिबट्या इथे नवा नाही. वाघोबाला नारळ फोडणारी माणसं आहेत ही, बिबट्या दिसला म्हणून आरडाओरडा करणारी नव्हेत. म्हणूनच त्यांनी "बिबट्या" म्हटलं तर मी ते गंभीरपणे घेते.

शेळ्यांची मालकीण साठीच्या आसपासची. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणते. घरामागे बांबू आणि जुन्या जाळीचा आडोसा होता. एका कोपऱ्यात जाळी खालून उचकटलेली. आत तीन शेळ्या, बाहेर चार. दोन जखमी पाटी, म्हणजे तरुण शेळ्या, दाराशी पोत्यावर, आणि एक करडू मावशीच्या पदराखाली. ती रडत नव्हती. तिनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई, दोन गाभण होत्या. बोकडाला गिऱ्हाईक ठरलं होतं."

आधी जिवंत जनावरं बघायची, हा माझा नियम. दोन्ही पाटींच्या जखमा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतल्या. पाणी डोक्यावरून आणलेलं होतं, तरी पाड्यावरच्या बायांनी हंड्यामागून हंडे ओतले. मग आयोडीन. चावलेली जखम लगेच शिवायची नाही, हे मी तिथल्या पोरांना समजावून सांगितलं, कारण एकजण सुईदोरा घेऊनच आला होता. रेबीजच्या लसीचा पहिला डोस तिथेच दिला. पुढचे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. ज्यांनी रात्री शेळ्यांना हात लावला होता त्यांनाही हात धुवायला लावले. ज्याच्या बोटाला ओरखडा होता त्याला पालिकेच्या दवाखान्यात पाठवलं.

मग मेलेल्यांकडे वळले.

अशा वेळी सगळं जनावराच्या अंगावर लिहिलेलं असतं, फक्त वाचायला वेळ द्यावा लागतो. बिबट्या बहुधा गळा किंवा मानेचा मागचा भाग धरतो. सुळ्यांची खोल भोकं असतात, आत रक्त साकळलेलं असतं, बाकीचं अंग बरंचसं शाबूत. शक्य झालं तर तो शिकार ओढून नेतो. इथे एकही शेळी नेलेली नव्हती. पण एवढ्यावरून ठरवता येत नाही, कारण कोंडलेला कळप सापडला तर बिबट्याही एकापेक्षा जास्त मारतो. म्हणून जखमा बघायच्या. मांड्या मागून फाडलेल्या, गुडघ्याखाली चावे, एका गाभणीची कास लोंबत होती, शेपट्या तुटलेल्या, पोटाची कातडी चिंध्या झालेली. एका शेळीच्या अंगावर तर जखमच नव्हती. बाकीच्या तिच्यावर चढल्या आणि कोपऱ्यात ती गुदमरली. खाल्लेलं जवळजवळ काहीच नव्हतं.

धुळीत पाय उमटलेले होते. नखांच्या खुणा स्पष्ट. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो.

मला कळलं होतं. पण बोकड राहिला होता, आणि त्याच्या गळ्यावर दोन्ही बाजूंनी भोकं होती. वनरक्षक माझ्याकडे बघत होता, पाडा माझ्याकडे बघत होता. मनातून मलाही वाटलं की हा एक तरी बिबट्याचा निघावा.

का वाटलं ते सांगते. बिबट्यानं जनावर मारलं तर वन विभागाकडून भरपाई मिळते. ४८ तासांच्या आत कळवायचं, पंचनामा व्हायचा, पशुवैद्यानं कारण आणि किंमत लिहून द्यायची, की ठरलेल्या कमाल मर्यादेत बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम येते. कुत्र्यानं मारलं तर काही नाही. शेळी तीच, नुकसान तेच, पण त्या रकान्यात "कुत्रा" लिहिलं की कागद तिथेच संपतो. सात शेळ्या म्हणजे मावशीच्या घरची वर्षभराची रोकड होती.

बोकडाच्या मानेची कातडी सोलली. भोकं वेगवेगळ्या मापांची होती, उथळ, आणि आजूबाजूचा मांसाचा भाग ओढून फाटलेला. एका जबड्याचं काम नव्हतं ते. दोघा-तिघांनी दोन बाजूंनी खेचलं होतं.

मी हातमोजे काढत होते तेव्हा मावशीचा नातू जवळ आला. कॉलेजात जाणारा, पाड्यावरच्या सगळ्यांचे अर्ज भरून देणारा मुलगा. त्यानं मोबाइलवर शासन निर्णय उघडला होता. भरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा असे प्राणी होते. त्यानं बोट ठेवलं ते शेवटच्या नावावर. "मॅडम, यात रानकुत्रे आहेत. हीपण रानातलीच कुत्री ना? मग तसं लिहा."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. आजीसाठी सरकारच्या भाषेत एक वाट शोधून आलेलं पोर होतं ते. मी त्याला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की यादीतला रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा, तांबूस रंगाचा, काळ्या झुपकेदार शेपटीचा, कळपानं शिकार करणारा जंगली प्राणी. तो विदर्भातल्या जंगलांत, सह्याद्रीत आहे, आरेत नाही. रानात फिरणारा गावठी कुत्रा कागदावर रानकुत्रा होत नाही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कुत्रीच होती, मॅडम. मी पाहिली." आणि त्यानं व्हिडिओ दाखवला. पहाटेचा, बॅटरीच्या उजेडातला, जेमतेम दहा-बारा सेकंदांचा. जाळीपाशी तीन कुत्री, मागे आणखी डोळे चमकतायत, आजीची किंकाळी आणि मग हात हलल्यामुळे नुसता अंधार. सकाळपासून हे त्याच्या खिशात होतं आणि त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं. मला का दाखवलं हे मी त्याला विचारलं नाही.

व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. पुढच्या दांडग्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा होता.

पट्टा असलेल्या कुत्र्याला मालक असतो, आणि मालकाला कायदा लागू होतो. मुंबईत पाळीव कुत्र्यासाठी पालिकेचा परवाना काढावा लागतो. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतकी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दिवाणी नुकसानभरपाई वेगळीच मागता येते. हे मी पंचांसमोर मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांच्या नजरा टेकाडापलीकडच्या एका तबेल्याकडे वळल्या आणि लगेच खाली गेल्या. मावशीचा जावई त्याच तबेल्यात दूध काढायला जातो, हे मला नंतर कळलं.

प्रमाणपत्रावर मी लिहिलं: "मृत्यूचं कारण, कुत्र्यांच्या कळपाचा हल्ला." लिहिताना मावशी समोर उभी होती. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिहिलंत?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बिबट्या लिहिलं असतं तर त्याला काय फरक पडला असता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि मी ते तिला दिलंही. खोट्या नोंदी साचल्या की पिंजरा लावायची मागणी होते, बिबट्या उचलला जातो आणि कुत्री तिथेच राहतात. शिवाय रेबीजची शक्यता असताना खरं कारण लपवलं तर उद्या माणूस दगावतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या क्षणी ते उत्तर तिच्या रिकाम्या आडोशापुढे फार तोकडं वाटलं, आणि अजून वाटतं.

काहीजणांचं म्हणणं होतं की मटण तरी वाया जाऊ नये. मी ठाम नाही म्हटलं. कुत्री कुणाची, लस झालेली की नाही, काही ठाऊक नव्हतं. खोल खड्डा, चुना, आणि वर दगड. पोरांनी दुपारच्या उन्हात खड्डा खणला.

संध्याकाळी मी, वनरक्षक आणि पाड्यावरची तीन माणसं तबेल्यावर गेलो. शेठ आधी म्हणाले, "तो माझा नाही, असाच येतो दुधाला." खांबाला साखळी होती, शेजारी कुत्र्याचं भांडं. मी वाद घातला नाही, व्हिडिओ दाखवला. शेठनी तो पूर्ण पाहिला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. परवाना नव्हता, लस दोन वर्षांपूर्वीची. रात्री राखणीला मोकळा सोडतो, असं शेवटी त्यांनीच सांगितलं. तबेल्यामागे व्यालेल्या म्हशींची वार आणि मेलेली पारडी टाकलेली होती. कुत्र्यांचा कळप तिथे कशावर पोसला जात होता हे वेगळं विचारावं लागलं नाही.

पोलिसात जायचं का, हे मावशीवर सोडलं. तिला जायचं नव्हतं. जावयाची नोकरी तिच्या डोळ्यांपुढे होती. शेवटी शेठनी निम्मी किंमत तीन हप्त्यांत द्यायची, कुत्रा रात्री बांधायचा, परवाना आणि लस करायची, मागचा उकिरडा पुरायचा, असं साध्या कागदावर लिहिलं गेलं. निम्मीच का? कारण बाकीची कुत्री कुणाचीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. पण कागद मावशीचा होता.

तिसऱ्या दिवशी पालिकेची कुत्र्यांची गाडी आली. जाळी टाकून पाच कुत्री धरली. दोघांच्या कानाला आधीच खाच होती, म्हणजे त्यांची नसबंदी झालेली होती. पाड्यावर यावरून मोठी चर्चा झाली. खाचवाली कुत्री शेळ्या मारतात, मग नसबंदीचा उपयोग काय? मी खरं तेच सांगितलं. नसबंदीनं संख्या आटोक्यात येते, लसीनं रेबीज थांबतो, माजाच्या काळातल्या मारामाऱ्या कमी होतात. पण पळणाऱ्या जनावरामागे धावण्याची ऊर्मी त्यानं जात नाही. एक धावला की बाकीचे धावतात, आणि कोंडलेल्या शेळ्या जितक्या उड्या मारतील तितका हल्ला वाढतो.

"आणि परत कुठे सोडणार?" मावशीनं गाडीवाल्यांना विचारलं.

"इथेच, मावशी. नियमच आहे."

प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळली. यामागचं कारण मला मान्य आहे. एक जागा रिकामी केली आणि उकिरडा तसाच ठेवला तर तिथे लस नसलेली नवी कुत्री येतात. पण जिच्या सात शेळ्या गेल्या तिला "ती इथेच परत येतील" हे सांगायला तिथे उभं राहून पाहावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्रा परत सोडायचा हा निर्णय आपण सगळ्यांनी मिळून केला असेल, तर त्याची किंमत एकट्या मावशीनं भरू नये. माणसाला कुत्रा चावला तर भरपाई द्यावी, यावर न्यायालयं बोलली आहेत. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दाताच्या एकेका खुणेसाठी किमान दहा हजार रुपये ठरवले. शेळीसाठी इथे एक रकाना तरी हवा. जमीन दुग्धविकास खात्याकडे, जंगल वन विभागाकडे, कुत्रा पालिकेकडे, आणि शेळी फक्त तिच्या मालकिणीकडे, अशी वाटणी मी वर्षानुवर्षं पाहते आहे. त्या आठवड्यात मी हे सगळं लिहून माझ्या वरिष्ठांकडे दिलं, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडली. दर काही महिन्यांनी आठवण पाठवते.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटच्या डोससाठी गेले. एक पाट पूर्ण बरी होती, दुसरी अजून मागचा पाय उचलून चालत होती. पहिल्या हप्त्यातून नातवानं नवी जाळी आणली होती, खाली दोन वीत जमिनीत पुरलेली. खाच असलेली एक कुत्री समोरच्या आंब्याखाली झोपली होती. इंजेक्शन दिल्यावर पाटीनं मला लाथ मारली आणि मावशी त्या महिन्यात पहिल्यांदा हसली. मग तिनं दोघींना आत घेतलं, करडाला उचललं, आणि अजून ऊन असतानाच दाराला कडी घातली.