तुम्ही विचारलंत म्हणून: द्वादशीचा शनिवार

‘अगं, आठवडाभर तुमची एवढी ओढाताण, मग शनिवार-रविवारी भटकायला वेळ कुठून आणता?’

खालच्या मजल्यावरच्या काकू हे विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, लग्नकार्यात भेटलेल्या मावश्या-आत्या तर हमखास विचारतात. काहींना मनापासून जाणून घ्यायचं असतं, कारण त्यांच्याही घरी दोघं नोकरीवाले आणि रविवार कधी उगवला, कधी मावळला याचा पत्ता नसतो. काहींना सुचवायचं असतं की जरा घराकडे बघा. मी आजवर ‘जमवतो कसंतरी’ म्हणून वेळ मारून नेली. पण ते काही खरं उत्तर नाही. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच काढते.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी ऐरोलीला नोकरी करते, नवरा अंधेरीला. सकाळी सहाला कुकर चढतो, साडेसहाला पोळ्यांच्या मावशी येतात, आठ वाजता दोन डबे दोन पिशव्यांत जातात. स्टेशनपर्यंतची रिक्षा हा आमचा दिवसातला एकमेव एकत्र प्रवास. तिथून मी ट्रान्स-हार्बरच्या फलाटाकडे वळते आणि तो घाटकोपरला जाऊन मेट्रो पकडतो. त्याला घरी यायला नऊ, कधी साडेनऊ होतात. मग जेवण, ओटा आवरणं, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं. गवार निवडता निवडता मी अनेकदा बसल्या जागी पेंगलेय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गॅसच्या बुकिंगचा नंबर शोधायला मी आमच्या दोघांचे मेसेज मागे मागे नेत होते. ‘दूध आण.’ ‘सिलिंडर आला का?’ ‘मेंटेनन्स भरला.’ ‘गाड्या लेट आहेत, जेवून घे.’ ‘कोथिंबीर.’ तीन आठवडे मागे गेले तरी हेच. एकानेही दुसऱ्याला ‘कशी आहेस’, ‘काय झालं आज’ असं विचारलं नव्हतं. भांडणही नव्हतं कुठे. भांडण असतं तर निदान कुणीतरी कुणाशी काहीतरी बोललं असतं. त्या रात्री मी त्याला तो फोन दाखवला. त्याने वाचलं, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, ‘रविवारी कुठेतरी जाऊ या.’

त्या रविवारी आम्ही कुठेही गेलो नाही. पुढच्याही नाही. ‘रविवारी निवांत निघू’ हे वाक्य मी आता घरात उच्चारू देत नाही, कारण त्यातलं ‘निवांत’ सगळा घात करतं. नऊला उठायचं, पोहे करायचे, मशीन लावायची. तेवढ्यात पाण्याची टाकी धुवायला माणूस येणार, कुणाचा तरी फोन अर्धा तास चालणार, इस्त्रीवाला आठवड्याचा हिशोब घेऊन उभा राहणार. जेवून पडलं की चार वाजतात. मग तलावपाळीला एक चक्कर. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून कणीस खायला मला मनापासून आवडतं, पण तिथेही आम्ही सोमवारच्या डब्याचंच बोलायचो.

मग एका फेब्रुवारीत फ्लेमिंगो बघायचं ठरलं. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत हे पक्षी हजारोंनी असतात. आपल्याकडे त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. २०१५ साली खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीला वनविभागाचं केंद्र आहे, तिथून बोट जाते. म्हणजे मी रोज ज्या स्टेशनवर उतरते तिथून जवळच, आणि मला कधी जावंसंच वाटलं नव्हतं. आम्ही शनिवार सकाळची बोट ठरवली. निघताना कपाटाच्या किल्लीवरून वाजलं, मग गॅस बंद केलाय का बघायला तो परत वर गेला. धक्क्यावर पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटं उशीर झालेला. बोट गेली होती. तिथल्या माणसाला मी विचारलं, दुसरी कधी? तो म्हणाला, ‘ताई, आता पाणी उतरायला लागलं. आज नाही जमायचं.’

डॉक्टरची वेळ पुढे ढकलता येते, बँकेचं काम सोमवारवर टाकता येतं. इथे ज्याची विनवणी करावी असं कुणीच नव्हतं. खाडीकडे बघत मी उभी राहिले आणि मला रडू आलं.

रात्री सासऱ्यांशी फोनवर बोलताना मी हे सांगितलं. ते श्रीवर्धनचे, सगळं आयुष्य किनाऱ्यावर गेलेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तिथी कोणती होती?’ मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला कोकणातल्या माणसाला पाळण्यात शिकवतात तो हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरणार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसा जी वेळ तीच साधारण रात्रीचीही. भरती रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, म्हणून हे जमतं. खाडी आत शिरलेली असल्यामुळे ठाण्याकडे पाणी जरा मागून पोचतं, तेवढा वेळ हाताशी धरायचा. आणि पुनवेला, अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फारसं चढत नाही. ‘तेव्हा पोरी,’ बाबा म्हणाले, ‘शनिवार बघून जाऊ नका, द्वादशी बघा आणि मग त्या दिवशी शनिवार आहे का ते बघा.’

फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं होतं. लग्न झाल्यापासून मी त्यात संकष्टी, एकादशी आणि दूधवाल्याचे खाडे एवढंच बघत होते. त्या रात्री मी पेन्सिल घेऊन द्वादशीचे, त्रयोदशीचे शनिवार-रविवार शोधले आणि त्यांभोवती गोल केले. वर्षभरात फार सापडत नाहीत. फ्लेमिंगोंच्या दिवसांत तर अगदीच थोडे. म्हणूनच ते हातचे सोडवत नाहीत.

पुढच्या द्वादशीला आम्ही इतके लवकर पोचलो की पाणी अजून यायचं होतं. बोटीला हवं तेवढं पाणी चढायला पाऊण तास होता. बसून राहण्यापलीकडे काही करण्यासारखं नव्हतं. समोर तिवरांची, म्हणजे खारफुटीची झाडं आणि त्यांच्या बुडाशी चिखलातून वर आलेली श्वासमुळं, पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी, शेकड्यांनी. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. एका बाजूचा नांगा भलाथोरला असलेले खेकडे तो नांगा वर-खाली करत बिळाच्या तोंडाशी उभे होते. पाणी येताना दिसत नाही. पण एका मुळावर नजर ठेवली की ते बुटकं होत जातं, मग टोक उरतं, मग तिथे नुसतं एक वर्तुळ हलतं. अशी किती मुळं बुडाली कोण जाणे. आणि त्या वेळात नवरा म्हणाला, ‘प्रमोशनच्या यादीत माझं नाव नाही.’

यादी लागून अकरा दिवस झाले होते.

अकरा दिवस तो माझ्याशेजारी रिक्षात बसत होता, समोर जेवत होता. ‘सांगणारच होतो,’ म्हणाला, ‘पण रात्री तू इतकी दमलेली असायचीस, आणि दोन मिनिटांत सांगून उठावं असं ते नव्हतं.’ मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. थर्मासच्या झाकणात चहा ओतला, तो आम्ही आळीपाळीने प्यायलो. मग तो बोलत राहिला. साहेब काय म्हणाले, त्याला स्वतःला काय वाटलं, घरचं कर्ज लवकर फेडायचा बेत आता कसा लांबणार. मध्ये कुकरची शिट्टी झाली नाही, दारावरची बेल वाजली नाही. बोटवाल्याने हाक मारली तेव्हा आमचं बोलणं पुरतं झालं होतं.

त्यानंतर दिसलेले फ्लेमिंगो मी जन्मात विसरणार नाही. ऐरोलीच्या पुलाकडे पाठ करून बोट निघाली आणि तिवरांच्या कडेला एक फिकट गुलाबी पट्टा दिसला. जवळ गेल्यावर त्या पट्ट्याला माना फुटल्या. हे पक्षी चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि बारीक शेवाळ गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात, रंग चढायला वर्षं जातात. पलीकडे विजेचे मनोरे, मागे इमारती, आणि मध्ये हा एवढा मोठा थवा मान खाली घालून जेवत होता. नवऱ्याने एकही फोटो काढला नाही. माझा हात धरून बसला होता.

तर काकू, वेळ कुठून आणता याचं उत्तर मला त्या धक्क्यावर सापडलं. आपसात ठरवलेली वेळ आम्ही दोघंही मोडतो. तो मला समजून घेतो, मी त्याला समजून घेते, आणि या समजूतदारपणात रविवार निघून जातो. म्हणून आम्ही आता जे आमच्यासाठी थांबणार नाही तेच निवडतो. त्याची वेळ आधी भिंतीवर लिहितो आणि बाकीचं सगळं तिच्या अवतीभवती बसवतो.

येऊरचं जंगल तर आमच्या घराच्या पाठीशी. पक्षी बघायचे तर उजाडताना नाक्यापाशी असायला हवं. ऊन वर आलं की झाडं गप्प होतात. थंडीत एकदा स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरी शेपटी रिबिनीसारखी मागे सोडून जाणारा, आणि साडेनऊला आम्ही घरी येऊन थालीपीठ खात होतो. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची. तिथे रविवारची सकाळ गाठावी लागते. फुलपाखरं उन्हात पंख शेकल्याशिवाय उडत नाहीत, त्यामुळे तिथे पहाटेची घाई नाही, आणि झोपेवर प्रेम असलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. आपलं राज्य फुलपाखरू, ज्याला राणी पाकोळी म्हणायचे आणि आता नीलवंत म्हणतात, ते मी तिथे हातभर अंतरावरून पाहिलं. काळ्या पंखांवर निळाई अशी, की मोरपिशी पैठणीचा पदर आठवावा.

माहुली गडाला मात्र पूर्ण दिवस द्यावा लागतो. पहाटेची कसाऱ्याची गाडी, आसनगावला उतरून रिक्षाने पायथा, मग जवळपास तीन तास चढ. शेवटी लोखंडी शिडी. १६३६ साली शहाजीराजांना मोगलांच्या वेढ्यापुढे हा गड सोडावा लागला. वर वाऱ्यात बसून नवऱ्याने मला तो वेढा असा सांगितला, जणू त्याच्या ऑफिसात परवा घडलाय. तो इतिहास इतका वाचतो हे मला लग्नानंतर चार वर्षांनी त्या गडावर कळलं. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात ती वेळ, कुठे आणि किती ते शनिवारच्या पेपरात बघूनच आम्ही निघतो. ब्लॉकमध्ये अडकलो तर संध्याकाळ फलाटावर जाते. पण त्याचाही मला आता उपयोगच वाटतो, कारण निघायची वेळ तो पक्की करून देतो.

या सगळ्याची किंमत द्यावी लागते, तीही सांगते. पैशांची फारशी नाही. डबा घरचा, प्रवास लोकलचा. पण आमच्या बेडरूममधल्या खुर्चीवर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग कायम असतो आणि माळा फक्त दिवाळीला निघतो. हे मला चालतं. जे सहज चालत नाही ते आईचं. माझं माहेर डोंबिवली. पूर्वी रविवारचं जेवण तिच्याकडे असायचं. सलग तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो नाही तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, ‘तुम्हाला खाडीची वेळ पाळता येते, माझी नाही.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आता महिन्यातला दुसरा रविवार कालनिर्णयात तिच्या नावाचा आहे. द्वादशी आली तरी तो हलत नाही. एकदा आलीच होती, ऐन मार्चात. आम्ही डोंबिवलीला गेलो, तिने अळूचं फदफदं केलं होतं.

आणि प्रत्येक आठवड्याला आम्ही जात नाही, तसा समज असेल तर काढून टाका. महिन्यातून दोनदा, कधी एकदाच. उरलेल्या रविवारी आम्हीही जेवून आडवे होतो.

मेसेज अजून तसेच आहेत, दूध, सिलिंडर, कोथिंबीर. मध्ये एकदा मात्र दुपारी तीनला त्याचा एक आला. ‘आज पंचमी. पाणी भरत आलं असेल तुझ्याकडे.’ मी ऑफिसच्या जिन्यातल्या खिडकीपाशी गेले. तिथून खाडी दिसत नाही, तरी पाच मिनिटं उभी राहिले.

येत्या शनिवारी द्वादशी आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या करणार आहे, शुक्रवारी रात्रीच. काकू, तुम्ही इतक्यांदा विचारलंत, तर साडेसातला खाली या. रिक्षात तिसरी जागा रिकामीच असते.