प्लगइन टाकण्याआधी मी काय बघतो

"एएसडीएफ बसवलं, आता प्लगइन कुठले टाकू?" टीममध्ये नवीन येणारं कुणी ना कुणी मला हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो. एएसडीएफ म्हणजे नोड, रुबी अशा प्रोग्रामिंगच्या टूल्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकाच मशीनवर सांभाळणारं टूल.

कुठले, हे सोपं आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या टूल-व्हर्जन्स फाइलमध्ये (कुठल्या टूलची कुठली आवृत्ती हवी, ते तिच्यात लिहिलेलं असतं) जी नावं असतील तेवढेच. पुढेमागे लागतील म्हणून आणखी भरू नका. खरा प्रश्न आहे तो कुणाचे टाकायचे, हा.

एएसडीएफला स्वतःला ना नोड बसवता येत, ना रुबी. ते काम प्लगइनचं. प्लगइन म्हणजे एक गिट रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, आणि तिच्यात मोजक्या स्क्रिप्ट: एक मिळणाऱ्या आवृत्त्यांची यादी देते, एक डाउनलोड करते, एक इन्स्टॉल करते. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेल्या या स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर तुमच्याच परवानग्यांनी चालतात. म्हणून डाउनलोड आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट मी आधी उघडून वाचतो. फाइल कुठून येते, चेकसम (फाइल मध्येच बदललेली नाही ना, हे पडताळणारा आकडा) तपासला जातो का, एवढं तरी बघाच.

टाकताना नुसतं नाव देऊ नका, रिपॉझिटरीचा पूर्ण पत्ता द्या. टूल-व्हर्जन्स फाइलमध्ये रुबीची आवृत्ती नोंदलेली असते, पण ती बसवणारा प्लगइन कुठून आणला याची नोंद तिथे नसते. एकाच नावाचे दोन वेगळे प्लगइन दोघांच्या मशीनवर असू शकतात आणि फाइल बघून ते कळत नाही. आमच्याकडे ते पत्ते सेटअप स्क्रिप्टमध्येच लिहिलेले असतात.

आणि काढताना जपून. एकदा रुबीची नवी आवृत्ती यादीत दिसेना, म्हणून मी प्लगइन काढून परत टाकला. प्लगइन काढला की त्याने बसवलेल्या सगळ्या आवृत्त्याही जातात, हे तेव्हा माहीत नव्हतं. जुन्या प्रोजेक्टची रुबी सोर्सपासून पुन्हा कंपाइल करावी लागली, आणि ती मशीनवरच्या नव्या ओपनएसएसएलशी (एन्क्रिप्शनची लायब्ररी) जुळेना. तो अख्खा दिवस त्यातच गेला. प्लगइन नुसता अपडेट केला असता तरी भागलं असतं. अपडेटने बसवलेल्या आवृत्त्यांना धक्का लागत नाही.

आता यादीत काही दिसलं नाही की मी आधी अपडेटच करतो. काढायचाच झाला, तर त्याआधी एएसडीएफची लिस्ट कमांड चालवून असलेल्या आवृत्त्या लिहून ठेवतो.