एम१वर ताशी ५८ मैल : नोटीस आली तेव्हा आम्ही काय केलं

पाकीट नवऱ्याच्या नावाने आलं, कारण गाडी त्याच्या नावावर, आणि ती इंग्लंडच्या एम१ या मोटरवेवर कॅमेऱ्यात वेगात सापडली होती. वर ठळक अक्षरांत 'नोटीस ऑफ इंटेंडेड प्रॉसिक्यूशन', म्हणजे खटला भरण्याच्या इराद्याची नोटीस. हे वाचून पोटात गोळा येतोच. पण शांतपणे वाचलं की कळतं, या पहिल्या कागदाला फक्त एकच गोष्ट हवी आहे : त्या वेळी गाडी कोण चालवत होतं? दंड, लायसन्सवर चढणारे गुन्ह्याचे पॉइंट्स, कोर्ट हे सगळं नंतर. उत्तर द्यायला २८ दिवस. गप्प बसलात तर मात्र तो वेगळाच गुन्हा, आणि मूळ गुन्ह्यापेक्षा महागडा : सहा पॉइंट्स आणि हजार पौंडांपर्यंत दंड.

आमची पंचाईत इथेच झाली. लेस्टरहून लंडनकडे येताना टॉडिंग्टन सर्व्हिसेसला आम्ही थांबलो होतो आणि तिथून पुढे गाडी मी घेतली होती. नोटिशीत रस्ता, दिशा, तारीख, वेळ, वेग ५८, मर्यादा ५०. पण कॅमेरा टॉडिंग्टनच्या अलीकडचा की पलीकडचा? शेवटी बँकेच्या ॲपमध्ये कॉफीचे पैसे दिल्याची वेळ सापडली. ९.५२. नोटिशीवरची वेळ १०.०९. म्हणजे चालक मी.

आता माझं लायसन्स नवं. पहिलं वर्षभर इथे भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, तशी मी चालवली, मग परीक्षा दिली. परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट्स झाले तर लायसन्स रद्द होतं आणि थिअरी-प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा द्यावं लागतं. तीन पॉइंट्स म्हणजे निम्मी वाट संपली.

हे ऐकून चुलत दिरांचा फोन. "वहिनी, दादाच्या नावावर टाका ना. त्याचं लायसन्स जुनं आहे, कोण बघायला येतंय?"

हा सल्ला आपल्या मंडळींत इतक्या सहज दिला जातो की सांगायलाच हवं. क्रिस ह्यून नावाचे ब्रिटिश राजकारणी, पुढे मंत्रीही झाले. २००३ मध्ये एम११वर त्यांची गाडी वेगात सापडली आणि पॉइंट्स तेव्हाच्या पत्नीने, विकी प्राइस यांनी, स्वतःच्या नावावर घेतले. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. वेगासाठी नव्हे, न्यायप्रक्रियेची दिशाभूल केल्याबद्दल. हे सांगितल्यावर दिरांनी विषय बदलला.

नवऱ्याने फॉर्मवर माझं नाव-पत्ता लिहिला, सही केली (सही राहिली तर उत्तर धरत नाहीत) आणि पोस्टाची पावती जपून ठेवली. मग तीच नोटीस नव्याने माझ्या नावाने आली. तोवर १४ दिवस कधीच उलटून गेले होते. 'चौदा दिवसांनी आलेली नोटीस बाद' असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, पण ती अट गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याला जाणाऱ्या पहिल्या नोटिशीपुरती. पुढच्यांना लागू नाही.

लढायचा विचार आलाच नाही असं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नॅशनल हायवेजने (इंग्लंडचे मोटरवे सांभाळणारी सरकारी कंपनी) जाहीर केलं होतं की काही बदलत्या मर्यादेच्या, म्हणजे रहदारी पाहून फलकावर कमी-जास्त होणाऱ्या मर्यादेच्या, कॅमेऱ्यांत आणि फलकांत सुमारे दहा सेकंदांचा फरक पडत होता. म्हणजे फलक बदलून गेलेला, पण कॅमेरा जुनीच मर्यादा धरून बसलेला. २०२१ पासून अशा सुमारे २,६५० नोंदी निघाल्या. पण आम्हाला रस्त्यावरच्या फलकांच्या लागोपाठ कितीतरी कमानींवर ५०च दिसत होतं, लाल वर्तुळासकट. दहा सेकंदांच्या आधारावर कोर्टात उभं राहण्यात अर्थ नव्हता.

५०च्या मर्यादेत साधारण ५७ ते ६४ मैलांपर्यंत, आणि मागच्या तीन वर्षांत केलेला नसेल, तर बहुतेक वेळा शंभर पौंड आणि तीन पॉइंट्सऐवजी सुरक्षित वेगाबद्दल शिकवणारा कोर्स देऊ करतात. मी तो घेतला. फी दंडाच्या आसपासच, पण पॉइंट्स नाहीत.

कोर्स ऑनलाइन. आधी ओळखपत्र दाखवायचं, कॅमेरा पूर्णवेळ चालू. एक गृहस्थ जेवणाचं ताट घेऊन बसले होते, त्यांना ताट बाजूला ठेवायला लावलं. मोटरवेसाठीचाच कोर्स असल्यामुळे कामाचं बरंच कळलं. लाल वर्तुळातला आकडा कायद्याने बांधील, वर्तुळ नसलेला आकडा केवळ सल्ला. लाल फुलीची लेन बंद, आणि २०१९ पासून तिथेही कॅमेरा पकडतो. मोकळ्या रस्त्यावर ५० का लावतात, हे कोडं तिथेच सुटलं. पुढे कुठेतरी गर्दी साठलेली असते. मागून येणारे सावकाश पोचले तर ती सुटायला वेळ मिळतो, नाहीतर एकाने ब्रेक दाबला की मागे मैलभर ब्रेक लागत जातात. १९९५ मध्ये एम२५वर याच हेतूने सुरुवात झाली होती. तरी माझं मत असं, की कमानीवर ५०च्या शेजारी कारणही लिहिलं तर निम्मे लोक आपणहून वेग कमी करतील. त्या रात्री आम्हाला नुसता आकडा दिसत होता.

विम्याच्या नूतनीकरणाला एक प्रश्न उरला होता. कोर्स म्हणजे शिक्षा नव्हे, त्यामुळे 'दोषी ठरलात का' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असं. पण एका कंपनीच्या फॉर्मवर कोर्सबद्दल वेगळी ओळ होती. तिथे हो लिहिलं, त्यांचा भाव वाढलेला दिसला, म्हणून विमा दुसरीकडून घेतला.