तीन-शून्य झाल्यावर पान सोडायचं का?

१४ एप्रिल २०२४. वृत्तपत्राच्या डेस्कवर रात्रपाळी केलेल्या कुणालाही ही तारीख सांगा, कपाळाला हात लावेल. आदल्या रात्री इराणने इस्रायलवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडलेली. पहाटे वांद्र्यात सलमान खानच्या घराबाहेर गोळीबार. दिल्लीत भाजपचा जाहीरनामा, लोकसभेचा पहिला टप्पा तोंडावर. आंबेडकर जयंती, म्हणजे मिरवणुकांच्या बातम्या आणि शुभेच्छांच्या जाहिराती. आणि कमी पडलं म्हणून की काय, वानखेडेवर मुंबई विरुद्ध चेन्नई.

मी ऑफिसात पोचले तेव्हा क्रीडा पानाची डमी, म्हणजे कच्चा आराखडा, टेबलावर पडली होती. खालचं अर्धं पान जाहिरातीत गेलेलं. वरच्या अर्ध्यात आयपीएल, आणि उरलंच तर आयपीएल.

"सर, लेव्हरकुसेनला दोन कॉलम लागतील."

सरांनी मान वर केली नाही. "कशाला?"

"आज जिंकले तर बुंडेसलिगा, जर्मन फुटबॉलची अव्वल साखळी, त्यांची. क्लबच्या एकशेवीस वर्षांत पहिल्यांदा. बायर्नची सलग अकरा जेतेपदं संपतील."

"अगं, आज वानखेडेवर धोनी आहे. सिंगल कॉलम घे, एकशेवीस शब्द. वर्षाला एक."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि मुंबईच्या क्रिकेट प्रतिनिधीला फोन लावायला उठले. वाद घालण्यात अर्थ नव्हता. जागेचा हिशेब त्यांच्या हातात, आणि त्या दिवशी तरी तो हिशेब बरोबरच होता.

माझी अडचण वेगळी होती. क्लबची माहिती एजन्सीच्या कॉपीत भरपूर येणार होती. मला लिहायचं होतं ते प्रशिक्षकाबद्दल. शाबी अलोन्सो ऑक्टोबर २०२२मध्ये लेव्हरकुसेनला आला तेव्हा संघ अठरांत सतरावा होता, आठ सामन्यांत पाच गुण. आणि या माणसाने त्याआधी एकाही अव्वल साखळीतल्या संघाला शिकवलेलं नव्हतं. बायोडेटा काय, तर रेयाल माद्रिदची चौदा वर्षांखालची पोरं, आणि मग तीन वर्षं रेयाल सोसिएदादचा 'ब' संघ. हा संघ त्याने २०२१मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढवला आणि पुढच्याच वर्षी तो परत खाली उतरला. बस, एवढंच.

आता खेळाडू म्हणून बघा. २०१०चा विश्वचषक, २००८ आणि २०१२चा युरो चषक, लिव्हरपूल आणि माद्रिदकडून चॅम्पियन्स लीग, स्पेनकडून ११४ सामने. प्रशिक्षक लाभले ते टोशॅक, बेनितेझ, मोरिन्यो, अँचेलोट्टी, ग्वार्डिओला. वडील पेरिको अलोन्सो स्वतः मिडफिल्डर, सोसिएदादकडून १९८१ आणि १९८२ अशी सलग दोन वर्षं स्पॅनिश लीग जिंकलेले. सान सेबास्तियनच्या किनाऱ्यावर लहानपणी सोबत खेळणारा मित्र कोण, तर मिकेल आर्तेता. टोशॅकने कर्णधार केलं तेव्हा वय अवघं एकोणीस. असा माणूस निवृत्त झाला की कुठल्याही क्लबात थेट मोठ्या खुर्चीवर बसू शकतो, पुष्कळजण बसतातही. हा गेला पोरांना शिकवायला. तो ग्वार्डिओलाकडून काय शिकला यावर रकानेच्या रकाने भरले गेलेत. मला त्याहून हे अधिक महत्त्वाचं वाटत आलंय. त्या मार्चमध्ये लिव्हरपूल आणि बायर्न दोघांनाही पुढच्या हंगामासाठी प्रशिक्षक हवा होता, दोन्हीकडे त्याचंच नाव चालू होतं. त्याने सांगून टाकलं की मी इथेच राहतोय.

हे सगळं एकशेवीस शब्दांत! त्यात स्कोअर आलाच.

रात्री नऊला लेव्हरकुसेन विरुद्ध ब्रेमेन सुरू झालं. डेस्कसमोरच्या टीव्हीवर वानखेडे, माझ्या मोबाइलवर आवाज बंद करून जर्मनी. सव्वानऊच्या आसपास धोनी शेवटचे चार चेंडू खेळायला आला आणि त्याने हार्दिकला लागोपाठ तीन षटकार मारले. अख्खा मजला उभा राहिला. जाहिरात विभागातली माणसंसुद्धा धावत आली. त्या गलक्यानंतर थोड्या वेळाने बोनिफेसने पेनल्टीवर लेव्हरकुसेनचा पहिला गोल केला, तो मी सोडून कुणीही पाहिला नाही.

मध्यंतरात कोल्हापूर आवृत्तीच्या डेस्कवरून फोन आला. "ताई, लेव्हरकुसेन करताय ना? शाहू स्टेडियमच्या बातमीशेजारी दोन कॉलम मोकळे ठेवलेत. आमच्याकडं फुटबॉल वाचत्यात ओ लोक."

मला हसू आवरेना. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पेठापेठांतल्या तालमींचे सामने ऐन रंगात असतात. तिथल्या माणसाला बुंडेसलिगाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. मुंबईत सिंगलसाठी झगडा आणि तिकडे दोन कॉलम वाट बघत बसलेले. फक्त एक पाचर होती: त्यांचं पान पावणेअकराला छपाईला सुटायचं, आणि सामना संपायला दहा पन्नास तरी होणार.

साठाव्या मिनिटाला झाकाने लांबून मारला, २-०. अडुसष्टाव्या मिनिटाला मध्यंतरानंतर उतरलेला विर्ट्झ, ३-०. घड्याळात दहा पंचवीस. कोल्हापूरचा पुन्हा फोन. "तीन-शून्य झालं की ताई. 'लेव्हरकुसेन अजिंक्य' करून सोडू का?"

एरवी मी हो म्हणून मोकळी झाले असते. वीस मिनिटांत तीन गोल कोण फेडतं? पण बातमी कुणाबद्दलची होती ते बघा. २५ मे २००५, इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतरालाच मिलान तीन-शून्य पुढे. मध्यंतरानंतर चोपन्नाव्या मिनिटाला जेरार्ड, छप्पन्नाव्याला श्मित्सर, आणि साठाव्या मिनिटाला पेनल्टी. ती मारायला आला तेवीस वर्षांचा अलोन्सो. मिलानचा गोलरक्षक दिदाने ती अडवली. परतलेला चेंडू अलोन्सोनेच पुढे धावत जाऊन डाव्या पायाने जाळ्यात टोलवला. तीन-तीन. लिव्हरपूलने पुढे शूटआउटमध्ये चषक नेला. सहा मिनिटांत तीन गोल फेडून दाखवणाऱ्या संघातला माणूस आज रेषेबाहेर उभा होता आणि मी त्याच्याच संघाच्या तीन गोलांवर पान सोडायचं म्हणत होते!

शिवाय लेव्हरकुसेनचा इतिहासही काही धीर देणारा नव्हता. २०००मध्ये शेवटच्या दिवशी उंटरहाखिंगशी नुसती बरोबरी पुरली असती, तिथे हरले. २००२मध्ये लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही हातातोंडाशी येऊन गेलं. आज निसटलं असतं तरी पुढे संधी होतीच, म्हणजे त्यांचं फारसं बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते आमच्या मथळ्याचं.

"थांबता येईल?" मी विचारलं.

"प्रेसला विचारतो." फोन तसाच चालू ठेवून तो गेला. पलीकडून कुणाचा तरी वैतागलेला आवाज, मग हा परत. "दहा मिनिटं मिळाली. त्याच्यापुढं गाडी चुकंल."

त्र्याऐंशीव्या मिनिटाला विर्ट्झचा दुसरा. प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात, लाल धुराची नळकांडी. त्यांना कसंबसं मागे हटवून खेळ पुन्हा सुरू. इकडे मी तयार मजकुरात ३चे ४ केले. नव्वदाव्या मिनिटाला विर्ट्झचा तिसरा, आणि मग कुणी कुणाला आवरायच्या भानगडीत पडलं नाही. गवत दिसेना इतकी गर्दी आत आली. पंचांनी तिथेच सामना संपवला. ४चे ५ करून मी फोनवर ओरडले, "सोडा!"

टीव्हीसमोरच्या दोघांनी चमकून मागे पाहिलं. तिकडे रोहितने चौकार मारला होता, आणि मी भलत्याच वेळी ओरडत होते.

साडेअकराच्या सुमारास मुंबई वीस धावांनी हरली. रोहित नाबाद १०५, आणि धोनीच्या चार चेंडूंत बरोबर वीस. मथळा आयता मिळाला. माझा सिंगल डाव्या कोपऱ्यात, जाहिरातीच्या डोक्यावर. पान लावणारे मामा इनडिझाइनमध्ये मजकूर ओतून म्हणाले, "चार ओळी लोंबतायत."

मजकुरातून आधी वडील गेले. किनारा आणि आर्तेता गेले. अलोन्सोने लुटन क्लबविरुद्ध मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्यातून मारलेला गोल, ज्यावर एका पठ्ठ्याने आधीच दोनशे पौंड लावून पंचवीस हजार कमावले होते, तो तर मी लिहायचं धाडसच केलं नव्हतं. इस्तंबूलही गेलं. शेवटच्या प्रुफावर सरांचं बोट नेमकं एका ओळीवर थांबलं. "हे चौदा वर्षांखालचं कशाला? गोल कुणी मारले ते घे."

"गोल खाली कंसात आहेत सर."

त्यांनी पुन्हा वाचलं, सही केली. "असू दे. पण पुढच्या वेळी विचारून."

लेव्हरकुसेनने हंगाम लीगमध्ये एकही सामना न हरता संपवला, अठ्ठावीस विजय, सहा बरोबऱ्या. सगळ्या स्पर्धा धरून एकावन्न सामने न हरता झाले आणि मग डब्लिनला युरोपा लीगच्या अंतिम फेरीत अटलांटाने ३-० उडवलं. तो सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला, तोवर आमची पानं सुटून गेलेली. तीनच दिवसांनी बर्लिनमध्ये जर्मन चषक जिंकला तोही वेळेत बसला नाही. मे २०२५मध्ये अलोन्सोला रेयाल माद्रिदने बोलावलं तेव्हा मात्र सरांनी स्वतःहून विचारलं, "किती जागा हवी?" नाव रेयाल माद्रिदचं होतं ना. मी चार कॉलम मागितले, चारही मिळाले. वडील, किनारा, आर्तेता, सगळे बसले. लुटनचा गोल मामांनी स्वतः वाचला आणि म्हणाले, "पंचवीस हजार? आधी सांगायचं ना, हाच मथळा केला असता."